न मोजलेली चार पोती

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सुक्या मासळीच्या एका कारखान्यात मी माल तपासते. यवतमाळात कसली आली मासळी, असं बाहेरचे लोक विचारतात. पण आमच्याकडे सुके झिंगे आणि बोंबील खाणारी घरं कमी नाहीत. किनाऱ्यावरून ट्रकनं पोती येतात. इथं माल निवडायचा, वाळू चाळायची, लागलंच तर पुन्हा सुकवायचा आणि पाकिटं भरायची. प्रत्येक पोत्यातला मूठभर माल घेऊन, तो बारीक करून, मशीनमध्ये त्याचा ओलावा मोजायचा आणि आकडा कार्डावर लिहून सही करायची, हे माझं काम. माझ्या सहीशिवाय पोतं निवडणीच्या टेबलावर जात नाही.

बी.एस्सी. झाल्यावर ही नोकरी लागली तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता. त्यामुळे असेल, की मूळ स्वभावच असेल, पांढरा कोट घातला की मी वेगळीच बाई होत असे. घरी मी ‘मले’, ‘तुले’ असंच बोलते. कारखान्यात मात्र पुस्तकातल्यासारखं बोलायची.

निवडणीच्या टेबलावर एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, ठेकेदाराकडून लागलेल्या, शाळा तिसरीपर्यंत. आमच्याच समाजाच्या. त्यांच्या बोटांतून खडा सुटत नसे. सगळ्या बाया त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणायची.

ते पावसाळ्याचे दिवस होते. महागावला मामेबहिणीचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता आणि मला दुपारची एसटी पकडायची होती. झिंग्यांची सहा पोती आली होती. एका नमुन्याला वीस मिनिटं लागतात, त्यात सकाळी दोनदा लाईट गेली. दोन पोती मोजून झाली, आकडे चांगले आले. घड्याळाकडे पाहिलं आणि उरलेल्या चार पोत्यांपुढे तसेच आकडे लिहून टाकले. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून थोडे मागेपुढे केले. ही अक्कल मला त्या वेळी बरोबर सुचली.

कोट काढत होते तेवढ्यात मावशी दारात आल्या. हातात झिंग्यांची मूठ होती.

“बाई, या पोत्यातला माल हाताले चिकटून राह्यला. एकडाव मशीनमध्ये टाकून पाहा ना.”

“मोजलंय मावशी. कार्डावर लिहिलेलं आहे.”

“लिहिलं असंन. पण वासही बराबर नाही.”

“मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?”

शेजारच्या दोन बाया हसल्या. मावशींनी मूठ परत पोत्यात सोडली आणि टेबलाशी जाऊन बसल्या. मला एसटी मिळाली.

काही आठवड्यांनी पांढरकवड्याच्या एका दुकानातून पाकिटं परत आली. आत पांढरी बुरशी धरली होती. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर माझं कार्ड होतं.

“सहाही पोती मोजली होती?”

“हो सर.”

“मग ओल आली कुठून?”

मला कुणी धमकावलं नव्हतं. ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, “निवडताना आली असेल सर. बाया हात धुतात आणि नीट न पुसताच बसतात.”

त्यांनी मावशींना बोलावलं आणि विचारलं. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आता त्या सगळं सांगणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “असंन साहेब. हात ओले राह्यले असतीन.”

दुसऱ्या दिवसापासून ठेकेदारानं त्यांना यायला मना केलं. त्यांच्या जागेवर दुसरी बाई बसली. मी रोज त्या टेबलाजवळून जायची आणि कार्डात डोकं घालायची. माझी एवढीच हिंमत होती.

त्यांच्या घरी जायला मला चार महिने लागले. गेले तेव्हा त्या अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि खुर्ची पदरानं पुसून दिली. मी उभीच राहिले.

“मावशी, ती चार पोती मी मोजलीच नव्हती.”

“मालूम हाय मले.”

“मग साहेबासमोर बोलल्या काहून नाही?” माझ्या तोंडून आपसूक घरची भाषा आली.

त्या पुन्हा मिरच्यांशी बसल्या. “आपल्यातली एक पोरगी शिकून त्या खुर्चीवर बसली. माह्या तोंडानं तिले कायले उठवू? मले काय, कुठंही काम भेटते.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “पण मले वाटलं होतं, तू सांगशीन. त्या दिवशी नाही, तं दुसऱ्या दिवशी. आठ दिवस मी वाट पाहिली.”

कारखान्यात त्या मला कधी ‘तू’ म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी आधी उठून केबिनचं दार लावलं. खूप बोलले, ते मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “हे लेखी देऊ नका. पुढच्या महिन्यात सरकारी तपासणी आहे. त्या बाईंना परत बोलावतो.” निरोप गेला, पण मावशी आल्या नाहीत. एका शाळेत खिचडी शिजवायचं काम त्यांना मिळालं होतं आणि तिथं बरं आहे, असं त्यांनी कळवलं. लेखी द्यायचा आग्रह मी धरला नाही. त्यामुळे कागदोपत्री आजही त्यांचेच हात ओले आहेत.

आता मी एकेक पोतं मोजते, लाईट गेली तर थांबते. एखाद्या बाईनं वास बरोबर नाही म्हटलं की ते पोतं बाजूला काढते. यंदा हाताखाली एक नवी मुलगी आली आहे, तीही बी.एस्सी. परवा ती कुणालातरी फोनवर सांगत होती, “आमच्या मॅडम लय कडक हायेत, एक पोतं सोडत नाहीत.” तिच्या आवाजात कौतुक होतं. मी दाराशीच होते. आत जाऊन तिला सगळं सांगावं असं वाटलं, दोन पावलं पुढेही गेले. मग वळून मशीनपाशी आले आणि पुढचा नमुना लावला.