गुडघ्यांखालची उशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. प्रताप नगरातल्या शेजारणी मला अजून 'दवाखान्यातल्या प्रेमळ बाई' म्हणतात — ऐकलं की स्वतःचीच शिसारी येते.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होते. जळीत वॉर्डातल्या रुग्णांना उठवायचं, चालवायचं, हे माझं काम. कन्हानची शेवंता तिथे आली. शेगडीने लुगडं पेटलेलं, दोन्ही पाय मांड्यांपासून जळालेले. लघवीची नळी लावलेली, तिची बाटली पलंगाखाली. जिवावरचं टळल्यावर डॉक्टर म्हणाले, "नळी कमरेला बांधा, बाटली खाली धरा, पण उठवाच. नाहीतर गुडघे आखडतील."

एका हाताने तिला धरायचं, दुसऱ्या हाताने बाटली. एवढंच ना? मी केलं का?

मला किळस यायची. पट्ट्यांतून झिरपणारा हिरवट पू, तो गोडसर वास, आणि ती बाटली — कोमट लागायची हो हाताला. ह्याच कामाचा पगार घेत होते मी, आणि मला त्या बाईची घाण वाटत होती.

"बाई, बाजूवालीले तं रोज चालवून राहिल्या," शेवंता म्हणायची. "मले काहून नाही?"

"नळी निसटली तर रक्त येईल," मी म्हणायचे. खोटं. डॉक्टरांना सांगायचे, तीच उठत नाही — तेही खोटं. पाय सरळ केले की ती कळवळायची, म्हणून तिच्या आईने एकदा मायेने गुडघ्यांखाली उशी सरकवली. तशी उशी ठेवली की गुडघा वाकलेलाच भरून येतो, हे आईला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. मी ती काढली नाही — उलट नीट बसवून दिली. शेवंताला बरं वाटलं, ती मला चालवायला बोलावेनाशी झाली. गोड बोलून गळा कापतात म्हणे. मी तिचे पाय कापले.

जखमा भरल्या. पाय सरळ झाले नाहीत, ते कधीच होणार नव्हते. घरी न्यायला भाऊ आला, त्याने तिला पाठीवर घेतलं.

"बाईनं लय जपलं माह्या पोरीले," म्हणत आई माझ्या पाया पडली. शेवंताने भावाच्या पाठीवरून माझा हात घट्ट धरला.

मी हसले. ते दाराबाहेर गेल्यावर नळाखाली तो हात साबणाने चोळून धुतला.