मात्सुमोतोचा झरा आणि आमचा आड

आमच्या गल्लीतला आड पार्किंगसाठी बुजवायचा घाट घातलाय. म्हणून आज गल्लीतल्या पोरापोरींना घेऊन मीच त्यातला गाळ उपसायला घेतला. ओल्या शेवाळाचा वास आला आणि मी लातुरातून थेट मात्सुमोतोत पोचले.

जपानातलं ते जुनं, किल्ल्याचं गाव. कित्येक वर्षांपूर्वी एका शिबिरासाठी गेले होते. सोबत नांदेडच्या रेहानाआपा. पायी हिंडताना एका वळणावर दगडी कुंडातून झऱ्याचं पाणी नुसतं वाहून चाललेलं. मी बंद करायला तोटी शोधू लागले. तोटीच नव्हती!

"आपा, माज हाय हा यांचा!" मी भडकले.

आपा मात्र पिशवीतल्या रिकाम्या बाटल्या काढून भरत बसल्या.

"अहो, हॉटेलात नळ हाय की."

"हाव गं. पण उद्या पाणी न्हाई आलं तर?"

कुंड घासत बसलेली एक आजी हसली आणि तिनं आपांची बाटली धरली. तेव्हा मला फक्त वाया जाणारं पाणी दिसलं होतं. तिच्या हातातला ब्रश आज दिसतोय.

आमच्या आडात सगळ्या गल्लीनं कचरा टाकला, वर टँकरच्या नावानं बोंबही मारली. तरी तळाशी दगडातून पाणी झिरपून राहिलंय. बुजवणाऱ्यांनी आधी खाली उतरून बघावं.

आपांना फोन केला. म्हणाल्या, "बाटल्या घेऊन येते."