तारेवरचा देवमन

अकोल्याच्या ग्लायडिंग क्लबातून सहा वर्षांत शे-दोनशे माणसं आभाळात जाऊन आली, आणि त्यातला एकूण एक माणूस देवमननं जमिनीवर बसून वर पाठवला. तो स्वतः मात्र कधी गेला नाही. जाणार कसा? विंच चालवणारा तोच एक. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला, त्याच हिवाळ्यात त्यानं कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून ही नोकरी धरली होती.

ग्लायडरला इंजिन नसतं. त्याला कुणीतरी वर चढवून द्यावं लागतं. क्लबात त्यासाठी जुन्या लष्करी ट्रकचं इंजिन होतं, त्याला जोडलेलं लोखंडी पिंप आणि पिंपावर तीन हजार फूट तार; हीच ती विंच. देवमननं क्लच सोडला की तार गुंडाळली जायची आणि पलीकडच्या टोकाचं ग्लायडर पतंगासारखं चढायचं. हजार फुटांवर तार सुटायची. मग ती परत ओढून न्यायला नत्थुजींची बैलजोडी. बैलांना कसली घाई? तासाला तीन उड्डाणं झाली तरी डोक्यावरून पाणी.

मध्यंतरी विंचऐवजी ग्लायडर ओढायला जीप लावून पाहिली. ग्लायडर पुरतं चढायच्या आधीच धावपट्टी संपे आणि ब्रेक दाबावा लागे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत जीप फसली की तिला काढायलाही नत्थुजींचेच बैल.

बासष्टच्या मार्चात अध्यक्ष भगवंतराव वकिलांनी मनावर घेतलं, की आता ग्लायडर विमानानंच ओढायचं. विमान दोन हजार फुटांवर नेतं, तारेची कटकट नाही. विमानाच्या एका खेपेच्या पेट्रोलात विंचची वीस उड्डाणं होतात, हे त्यांना कुणी सांगितलं असेलही. पण वकीलच ते, दुसऱ्याचं कशाला ऐकतील?

नागपूरहून भाड्यानं विमान आलं, सोबत ग्लायडर शिकवणारे खुशालराव. विमान पसंत पडलं तर विंच भंगारात आणि देवमन पुन्हा जिनिंगच्या धुळीत. त्याची बायको इंदूबाई डबा घेऊन आली, ती घरी गेलीच नाही. बाभळीखाली बसून राहिली.

ग्लायडरच्या मागच्या सीटवर वजनाला कुणीतरी हवं होतं. आज पहिल्यांदाच देवमनचे हात रिकामे होते.

"बस रे," खुशालराव म्हणाले.

दोन हजार फुटांवर विमानाची दोरी सुटली आणि सगळा आवाज थांबला. देवमनला रडू आलं. ते त्यानं पुढे साऱ्या गावाला सांगितलं. त्यात लाजण्यासारखं काय, असं त्याचं म्हणणं. ग्लायडर मात्र खाली येऊ लागलं. खुशालरावांनी इकडेतिकडे फिरवून पाहिलं, तरी हजारच फूट उरले.

"साहेब, थ्या घारी पाहा," देवमन म्हणाला. "नत्थुजीच्या नांगरल्या वावरावर. काळी माती तापली का तिथून हवा वर उठते. मी रोज पाहून राहिलो."

खुशालरावांनी तिकडे वळवलं. घारींच्या बरोबरीनं ग्लायडर चढलं आणि चांगलं पाऊण तास वर राहिलं.

उतरल्यावर भगवंतरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सांग देवमन, कोणतं बरं?"

इंदूबाईनं डोळे मिटले. नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे ती लग्नापासून भोगत होती.

"विमान बरं," देवमन म्हणाला. "धक्का नाही, पाह्यजे तिथं नेते." मग वावराकडे बोट दाखवून, "पण आमाले घारी सापडल्या हजार फुटावर. तितकं आपली तार बी नेते. अन् तेवढ्याच पेट्रोलात वीस खेपा."

खुशालराव हसले. "वकीलसाहेब, विमान भाड्यानं मिळतं. याला घालवू नका."

विंच राहिली. देवमननं एकच अट घातली: दर रविवारी एक उड्डाण त्याचं, तेव्हा विंचवर दुसऱ्यानं बसायचं. कुणीच पुढं येईना, तेव्हा कोट काढून खुद्द भगवंतराव बसले. त्यांनी क्लच असा काही सोडला, की ग्लायडरनं गचका खाऊन उसळीच मारली.

उतरताच देवमन तरातरा विंचकडे गेला. "वकीलसाहेब, क्लच असा सोडतात काय? वर माणूस बसून राह्यते."

ज्यांच्यापुढे कोर्टात कुणी आवाज चढवत नसे, त्या भगवंतरावांनी तेलकट हात धोतराला पुसले.

"चुकलं," ते म्हणाले. "दाखव बरं, कसा सोडायचा."