उतार आणि वळण, दोन्ही

सरकारी ऑफिसात किस्सेही फायलींसारखे साचतात. निकाली कुणीच काढत नाही. आमच्या ऑफिसात गतिरोधकांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. आणि माझ्या लेकीची, मिहिकाची बालवाडी चऱ्होलीच्या उतारावर, ऐन वळणावर! चाकणकडून येणारे डंपर तिथून सुसाट जातात. आठवडाभर मला धड झोप नव्हती. नवरा म्हणाला, "तू उगाच घाबरतेस." घाबरत असेनही!

*

नियम एका ओळीचा: 'अधिकाऱ्यास योग्य वाटेल तेथे गतिरोधक द्यावा.' म्हणजे साहेबांना वाटलं पाहिजे. एका गावच्या अर्जावर साहेब पाहणीला गेले, ते नेमके रविवारी.

"इथं तर वाहतूकच नाही!"

अर्जदार आजोबा म्हणाले, "कंपनीला सुट्टी हाय साहेब. डंपर काय देवदर्शनाला येत्यात व्हय?"

*

मग विधानसभेत प्रश्न आला: गतिरोधक कोणत्या निकषांवर दिले जातात? ऑफिसभर शोधाशोध! निकष कुणी केलेच नव्हते. साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत करा."

हेडक्लार्क जाधवकाका शांत. "मॅडम, आधी दिलेले ब्रेकर बघायचे. मग त्यांना बसेल असा निकष शिवायचा."

बघितले. चारातले तीन मंगल कार्यालयांसमोर! काकांनी लिहिलं, 'गर्दीची सार्वजनिक ठिकाणे.'

*

'निकष ठरवलेले नाहीत, हे खरे आहे काय?' या विधानसभेतल्याच उपप्रश्नाला आमचं नेहमीचं उत्तर: 'हे अंशतः खरे आहे.' दिवसभर तेच टाइप करून घरी आले आणि विचारलं, "मिहिकाने दूध संपवलं का?"

नवरा आतून, "अंशतः!"

*

निकषांच्या मसुद्यात मी हळूच एक ओळ घातली: 'तसेच उतार व वळण दोन्ही असलेल्या बालवाड्यांसमोर.' साहेब म्हणाले, "वा, अभ्यास केलात!" आणि सही केली.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "मापात बसलं?"

"बसलं, काका."

महिन्याभरात आमच्या बालवाडीसमोर ब्रेकर झाला.

*

मिहिकाची मैत्रीण ओवी आता दिघीला राहते. तिच्या बालवाडीचाही अर्ज आला. रस्ता सरळ, निकषात बसेना. मीच परत पाठवला.

परवा स्कूटर ब्रेकरवर हळू केली. पुढे उभ्या मिहिकाने विचारलं, "आई, हा तुझ्या ऑफिसने केला?"

"हो!" मी जरा ऐटीतच म्हटलं.

"ओवीच्या शाळेसमोर का नाही केला? तिथं पण ट्रक येतात."

"तिथला रस्ता सरळ आहे ना, बाळा."

ती म्हणाली, "ओवीची आई कुठल्या ऑफिसात जाते?"