टायमर चारवरून शून्यावर काहून येत होता

सकाळी आपल्या प्रोग्रामवाल्याईच्या ग्रुपवर विचारलं तर साऱ्या शहाण्याईनं एकच सांगितलं, "टायमर खराब आहे, बदल." मशीन पाह्यली नाही, मंग निदान कायले करता रे?

राळेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधी गेलतो. तिथल्या मशीनचा प्रोग्राम माहाच. पट्ट्यावर रुई तुंबून सेन्सरसमोर सलग पाच सेकंद राह्यली, की पट्टा आपोआप बंद झाला पाहिजे. आज झाला नाही. पट्टा तापला, रुईनं पेट घेतला. लोकाईनं कशीबशी विझवली.

मॅनेजर माह्यावर भुंकून राह्यलता. मी लॅपटॉप लावला आन् मुद्दाम रुई तुंबवली. टायमर चारपर्यंत जाये, परत शून्य. पुन्हा चार, पुन्हा शून्य. तवाच तुमाले ग्रुपवर विचारलं.

मान वर केली. पट्ट्यावर काम करणारी शांतामावशी सवयीनं रुई बाजूला सारून फडक्यानं सेन्सर पुसून राह्यली होती. सेन्सर मोकळा झाला, की टायमर शून्यावर.

"कोणं सांगितलं पुसाले?" मॅनेजर तिच्यावर वरडला.

मावशीनं माह्याकडं पाह्यलं. "माह्या मनानंच पुसत होती, साहेब."

मागच्या हंगामात सेन्सरवर कचरा बसून पट्टा उगाच बंद पडे. तवा मीच तिले म्हटलं होतं, "मावशी, घडीघडी पुसत जाय." प्रोग्राम सुधाराचा मले कंटाळा आलता.

मॅनेजरनं तिले उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी लॅपटॉप बंद केला, त्याचाच चहा पेलो आन् घरी आलो.

आता सांगा शहाण्याईनो, काय बदलू?