दुपारी खाद्य बंद

पोल्ट्रीतल्या हजार कोंबड्या सोडल्या, तर तिला सगळे सूनबाईच म्हणत. उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजले, की ती दोर ओढून खाद्याची भांडी छताकडे उचलायची आणि ऊन उतरल्यावरच खाली सोडायची. भर उन्हात पोट भरलं, तर ते पचवताना कोंबडीचं अंग आणखी तापतं आणि ती दगावते.

सासूबाईंना हे मुळीच पटत नसे. "भुकेल्याच्या तोंडचा घास काढतेस? मला नाही गं बघवत!"

"मग बघू नका, आई."

एकदा सूनबाई बर्फ आणायला बाजारात गेली आणि इकडे सासूबाईंनी दोर सैल सोडला. ती परतली, तेव्हा कोंबड्या पंख पसरून, चोची वासून धापा टाकत होत्या. तिने भांडी वर ओढली, पाण्यात बर्फ टाकला आणि म्हणाली, "आई, चला. बसलेल्या कोंबड्यांना हळूहळू उठवत फिरायचं. पोटाखाली हवा लागली पाहिजे."

सासूबाई फिरू लागल्या. "ऊठ गं बाई, माझंच चुकलं," असं एकेकीला विनवत त्यांनी अख्खी दुपार काढली. साडेचारच्या सुमाराला धापा थांबल्या. एकही दगावली नव्हती.

सासूबाई पायरीवर मटकन बसल्या. "सूनबाई, पोटात कावळे ओरडतायत. वाढ काहीतरी."

सूनबाईने त्यांचा लालबुंद चेहरा न्याहाळला आणि गार पाण्याचा पेला पुढे केला.

"आधी हे. खाद्य ऊन उतरल्यावर."