रेकॉर्डकाकांची काडी

आमच्या रेकॉर्डकाकांचा देवावर विश्वास होता, पण तोही नजरेसमोर असेपर्यंतच. पूजा आटोपून देवघरातून निघताना ते उंबऱ्यावर थांबून एकदा मागे वळून बघत. देव काही हलवाहलव करत नाहीत ना, याची खात्री झाली की मगच चहा.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमचं घरच रेकॉर्डला घेतलं. अक्षर मात्र असं, की मुंजीच्या पत्रिकांवर पत्ते लिहून घ्यायला लोक चार आळ्या ओलांडून येत. मला पहिलं ‘श्री’ त्यांनीच हात धरून गिरवायला शिकवलं.

घरातली कचऱ्याची टोपली ते रोज तपासत. चुरगळलेले कागद मांडीवर सरळ करून वाचत आणि वर मला सांगत, “माणूस काय ठेवतो ते सगळेच बघतात गो. काय टाकतो ते बघावं.” माझ्या गणिताच्या पेपराचा बोळा असाच सापडला होता. तो राग माझा अजून पुरता गेलेला नाही.

मे महिन्यात आंबे पिकायला आढी घातली की वरच्या पेंढ्यात ते एक काडी तिरकी ठेवत. काडी हललेली दिसली की सगळ्यांची चौकशी, अगदी आईचीसुद्धा. मी सहावीत असताना बाबांनी कॉम्प्युटर आणला आणि ती काडी त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरावर जाऊन बसली. “ह्या पेटीचं काही खरं नाही. सगळं ऐकत्ये ही,” असं काका म्हणाले. मला फक्त रविवारी एक तास परवानगी. तेवढा वेळ काका हात मागे बांधून माझ्या खुर्चीमागे उभे राहत. मी पेंटमध्ये होड्या काढायची, काय दाबलं की काय होतं ते बघायची, आणि मानेवर त्यांचा श्वास लागायचा.

तासाने माझं भागेना. एकदा शाळेतून आल्यावर चोरून कॉम्प्युटर लावला, काडी पडली आणि दोन रविवार बुडाले. पुढच्या वेळी मी काडीची जागा आधी पेन्सिलीने कव्हरावर टिंब देऊन धरून ठेवली. काकांच्या घरात वाढलेली मुलगी दुसरं काय शिकणार?

एका शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी आले, तर काका घाईघाईने ओटीवर जाऊन बसलेले. कॉम्प्युटरवर कव्हर होतं, काडी अगदी माझ्या टिंबावर होती, पण मॉनिटरची पाठ गरम! काडी जागच्या जागी ठेवणारे घरात दोघेच. त्यांतली एक मी, आणि मी तर शाळेत होते.

सोमवारी काका कसल्याशा कामासाठी हातखंब्याला गेले आणि मी तपास सुरू केला. पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यातून कागद डोकावत होते. टाकलेलं त्यात पडून राहतं, हे मला ठाऊक होतं. काकांना नव्हतं. आता सापडले, संध्याकाळी बाबांना दाखवायचं, म्हणून मी एकेक फाइल परत काढून उघडली.

सगळी ‘श्री’ होती. एकतीस. वेडीवाकडी, थरथरलेली, वेलांटी भलतीकडेच गेलेली. रेकॉर्डचा माणूस, आधी सेव्ह करून जपून ठेवल्याशिवाय त्यांना टाकताही येत नव्हतं. गेले काही महिने काका पत्रं आईकडून लिहून घेत, “चष्मा सापडत नाही” म्हणून, आणि चष्मा नाकावरच असे. ते हात मागे का बांधतात, ते मला तेव्हा कळलं. कागदावर सराव केला असता तर टोपलीत कुणीतरी बघितलं असतं. मला रडूच आलं. मी सगळं पुन्हा टाकलं आणि डबा रिकामा केला.

मंगळवारी शाळेतून आले, तर काका कॉम्प्युटरसमोर उभे, नजर पडद्यावरच्या रिकाम्या डब्यावर.

“डबा कोणी रिकामा केलान?”

“मी. काय होतं त्यात?”

“कचरा,” ते म्हणाले.

“मग कचराच काढला.”

“बाबाला बोललीस?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

विश्वास बसला असेल असं नाही. पण त्यांनी माझ्यासाठी शेजारी स्टूल ओढलं आणि स्वतः माउस धरला. “धर जरा हात,” म्हणाले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो माझ्या हाताखाली सारखा कापत होता. त्या दुपारी आम्ही एक ‘श्री’ पुरं केलं आणि काका स्वतःच म्हणाले, “हे टाकू नकोस.”

पुढे मी कॉम्प्युटरच शिकायला पुण्याला गेले. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर त्यांचं पाकीट आलं. पत्ता आईच्या अक्षरात. आत एक घडी घातलेला कागद, त्यावर शाईच्या पेनाने मोठं, थरथरतं ‘श्री’, बाकी काही नाही. आणि घडीत पेंढ्याची एक काडी तिरकी ठेवलेली. वाटेत कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

त्या पावसाळ्यात काका गेले. ते पत्र मी अजून कधीतरी काढते. आधी काडी कशी आहे ते बघून ठेवते, आणि घडी घालताना ती परत तशीच ठेवते.